'तो कुठे राहतो' हे इंग्रजीत विचारताना : खानदेशातील वाचकांसाठी प्रस्तावना

इंग्रजी व्याकरणातल्या एका लहानशा नियमासाठी आपण वेळ का द्यावा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच मानावा लागेल. अप्रत्यक्ष प्रश्नातला शब्दक्रम हा विषय शाळेत एका धड्यापुरता भेटतो. अवतरणचिन्हे काढायची, काळ एक पायरी मागे न्यायचा, सर्वनामे बदलायची आणि प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम द्यायचा, एवढी कृती पाठ झाली की धडा संपतो. परीक्षेनंतर तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण मुलाखतीला बसताना, फोनवर चौकशी करताना, परगावच्या स्टेशनवर गाडीचा फलाट विचारताना आपण बोलतो ते बहुतेक वेळा अप्रत्यक्ष प्रश्नातच. शिष्टाचाराने विचारायचे झाले की इंग्रजी माणूस प्रश्न सरळ टाकत नाही, तो दुसऱ्या एखाद्या वाक्याच्या पोटात घालतो. त्यामुळे धड्यापुरता वाटणारा हा नियम प्रत्यक्षात इंग्रजी संभाषणाच्या फार मध्यावर बसलेला आहे.

नियम सांगायला सोपा आहे. 'व्हेअर डज ही लिव्ह?' या सरळ प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे येते. हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला की कर्ता पुन्हा आपल्या जागी येतो आणि 'डज' निघून जाते: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज.' हो-नाही अशा उत्तराचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर' येऊन बसते: 'शी आस्क्ड इफ आय वॉज रेडी.' आता जळगाव किंवा धुळ्याच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात थोडा वेळ कान देऊन उभे राहा. 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह', 'सर आस्क्ड मी व्हॉट इज युअर नेम', 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द बस स्टँड' अशी वाक्ये तुम्हाला सहज ऐकू येतील. असे बोलणारे केवळ विद्यार्थी नसतात. त्यांचे शिक्षक, वकील, डॉक्टर, अधिकारी आणि दूरचित्रवाणीवर इंग्रजीतून तावातावाने चर्चा करणारे मुंबई-दिल्लीचे लोकही असेच बोलतात. जी चूक इतकी शिकलेली माणसे इतक्या सातत्याने करतात, तिच्यामागे काही व्यवस्था असली पाहिजे, असा संशय वाचकांना आला तर या अभ्यासाची सुरुवात झालीच म्हणायची.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हे वाक्य अडाण्याचे नाही, शिकलेल्याचे आहे. इंग्रजी नुकतीच शिकू लागलेले मूल सरळ प्रश्नही 'व्हेअर ही लिव्ज?' असाच विचारते. मराठीत क्रम बदलून प्रश्न होत नाही, म्हणून त्याला इंग्रजीतही तो बदलावासा वाटत नाही. मग काही वर्षे शिक्षक त्याच्या मागे लागतात, 'डू', 'डज', 'डिड' घोटून घेतात, आणि एके दिवशी उलटा क्रम त्याच्या जिभेवर बसतो. परक्या भाषेतली एक खरोखर अवघड गोष्ट त्याने कमावलेली असते. 'व्हेअर' दिसले की पुढे क्रियापद, असा नियम त्याने स्वतः बांधलेला असतो, आणि तो नियम कुठे थांबवायचा हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या चुकांवर जो निबंध लिहिला, त्यातला मुख्य विचार हाच होता: चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणते व्याकरण तयार झाले आहे याचा पुरावा. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेतल्या भाषेला 'इंटरलँग्वेज' असे नाव दिले. लाल शाईने खोडलेल्या वाक्याकडे पुराव्याच्या नजरेने पाहायची सवय वाचकांनी लावून घेतली, तर या विषयातला निम्मा आनंद त्यांना तिथेच मिळेल.

पण इंग्रजीची ही रीत आली कुठून? शेक्सपिअरच्या काळापर्यंत मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे नेऊन प्रश्न करता येई. 'व्हॉट सेड ही?' असे बोलणे तेव्हा वावगे नव्हते. पंधराव्या ते सतराव्या शतकांत 'डू' हे क्रियापद हळूहळू प्रश्नांत आणि नकारांत शिरले. ते कसकसे पसरत गेले याची बारीक मोजणी स्वीडनचे अल्वार एलेगॉर्ड यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली, आणि आजही त्या आकड्यांवर वाद-संवाद चालतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सरळ प्रश्नांत एवढी उलथापालथ होत असताना पोटवाक्यातला प्रश्न सहसा या भानगडीत पडला नाही. इंग्रजीची बहीण जर्मन घ्या. तिथे 'वो व्होंट एर?' म्हणजे तो कुठे राहतो. पण 'मला माहीत नाही'च्या पुढे हाच प्रश्न आला की तो 'वो एर व्होंट' असा होतो, क्रियापद पार शेवटी जाते. मुख्य वाक्यात नवे प्रयोग व्हावेत आणि गौण वाक्याने जुनी घडी सांभाळावी, ही या भाषाकुळाची जुनी खोड आहे. अमेरिकेतले जोसेफ एमंड्स यांनी १९७० च्या आपल्या प्रबंधात असे सगळे बदल एकत्र मांडले आणि ते केवळ मुख्य वाक्यातच का घडतात, हा प्रश्न भाषाशास्त्रात कायमचा आणून ठेवला.

त्याचे एक सुंदर उत्तर नेदरलँड्सच्या हान्स डेन बेस्टेन यांनी दिले. ते आपल्याकडे एसटीच्या भाषेत सांगता येईल. वाक्याच्या अगदी पुढे एक जागा असते. सरळ प्रश्नात ती रिकामी असते, म्हणून सहायक क्रियापद उठून तिथे जाऊन बसते. पोटवाक्यात मात्र 'इफ'ने त्या जागेवर आधीच रुमाल टाकून ठेवलेला असतो. मग क्रियापदाला आपल्या मूळच्या जागीच बसावे लागते. 'व्हेअर', 'व्हॉट' यांच्या बाबतीत रुमाल डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य आहे असे नाही. पण 'इफ' आले की आपले विद्यार्थी क्रम बहुधा बरोबर ठेवतात आणि 'व्हेअर' आले की चुकतात, हे ज्या शिक्षकांच्या ध्यानात आले असेल त्यांना ते नक्की पटेल. 'ही आस्क्ड इफ डू आय लाइक टी' असे क्वचितच कोणी म्हणते. दिसणारा रुमाल मदत करतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. इथे वाचकांनी थोडे रेंगाळावे अशी माझी विनंती आहे, कारण खरी गंमत इथे आहे.

मराठी मुलगा इंग्रजीत चुकला की आपण लगेच मातृभाषेवर खापर फोडतो. या चुकीपुरते ते सहजासहजी फुटत नाही. 'तो शेतात राहतो' आणि 'तो कुठे राहतो?' यांत मराठीने एकही शब्द जागचा हलवलेला नाही. 'शेतात' होते तिथे 'कुठे' आले. हो-नाहीचा प्रश्न हवा असेल तर शेवटी 'का' जोडायचा, किंवा नुसता सूर चढवायचा. म्हणजे मराठीचाच प्रभाव असता, तर सरळ प्रश्न चुकायला हवा होता आणि अप्रत्यक्ष प्रश्न आपोआप बरोबर यायला हवा होता, कारण तिथे इंग्रजीही क्रम हलवत नाही. घडते ते उलटे. मग मातृभाषेचा काहीच हात नाही का? आहे, पण तो क्रमात नाही. तो दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या आपल्या रीतीत आहे.

मराठीत दुसऱ्याचा प्रश्न सांगायच्या तीन वाटा आहेत. पहिली 'असे'ची: 'तू कुठे राहतोस असं त्यानं मला विचारलं.' इथे प्रश्न जिवंत आहे. मूळ बोलणाऱ्याचा 'तू' आहे, त्याचा वर्तमानकाळ आहे, त्याचा सूरही आपण उतरवू शकतो. दुसरी 'की'ची: 'त्यानं विचारलं की तू कुठे राहतोस?' हा 'की' फारसीतून आलेला. तो प्रश्नाला मागे ढकलतो, पण जिवंत ठेवतो. तिसरी वाट 'ते'ची: 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही.' इथे प्रश्न विझलेला आहे. कोणी काही विचारत नाही; 'तो कुठे राहतो' ही एक वस्तू झाली आहे आणि 'ते' म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येते. 'तो कुठे राहतो असं मला माहीत नाही' हे कोणाही मराठी माणसाच्या कानाला लगेच खटकेल. ही परीक्षा वाचकांनी स्वतःच करून पाहावी. 'विचारणे'च्या आधी 'असे' आवडीने येते. 'माहीत असणे', 'कळणे', 'आठवणे' यांना 'ते' किंवा त्याच्या जागी 'हे' लागते.

इंग्रजीचा अप्रत्यक्ष प्रश्न हा सगळाच्या सगळा 'ते'च्या घरचा आहे. 'आस्क्ड'नंतर येवो की 'नो'नंतर, तो विझलेलाच असतो. आपला विद्यार्थी मात्र 'आस्क्ड' म्हटले की मनात 'असं विचारलं' म्हणतो, जिवंत प्रश्न पुढे ठेवतो, आणि जिवंत प्रश्नाचा इंग्रजी क्रम तर त्याने कष्टाने शिकलेला असतोच. म्हणून 'सर आस्क्ड मी व्हॉट इज युअर नेम' या वाक्यात नुसता क्रम चुकलेला नाही. 'युअर'ही तसेच राहिले आहे आणि काळही. ते वाक्य मराठी 'असे'ची हुबेहूब नक्कल आहे. महाराष्ट्रात सर्रास ऐकू येणारे 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह' हे तर 'की'चे इंग्रजी रूप आहे, 'दॅट'सकट. उलट 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' याला मराठीतून आधार मिळत नाही. तिथे इंग्रजी शिकताना बांधलेला तो अतिव्यापक नियमच काम करतो. दिसायला एकसारख्या या दोन चुकांची मुळे वेगळी आहेत, असे माझे मत आहे, आणि या विषयात नव्याने येणाऱ्याने पहिल्यांदा हा भेद करायला शिकावे.

यातून शिकवण्याबद्दलही एक गोष्ट निघते, आणि तिच्याबाबत मी जरा हट्टी आहे. आपली क्रमिक पुस्तके हा धडा 'आस्क्ड'पासून सुरू करतात: सरळ प्रश्न द्यायचा आणि अप्रत्यक्ष करायला सांगायचे. म्हणजे आधी उलटलेले वाक्य मुलाच्या हाती ठेवायचे आणि मग ते सुलटे करायला लावायचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर पोसलेल्या पिढ्यांनी ही कवायत इमानाने केली. त्या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण या एका धड्यापुरती त्यांची वाट आडवळणाची आहे. 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही', 'भाव काय आहे ते सांग', 'ती येणार की नाही ते बघ' अशा 'ते'च्या वाक्यांपासून आरंभ केला, तर मुलाला काहीच सुलटे करावे लागत नाही. मराठीतल्यासारखाच कर्ता इंग्रजीतही क्रियापदाच्या आधी ठेवायचा. 'की नाही'वरून 'व्हेदर'ही सहज सापडतो. 'आस्क्ड' शेवटी घ्यावे, आणि घेताना आधी मराठी वाक्यच 'असं'मधून 'ते'मध्ये आणून बघावे.

हे झाले प्रमाण मराठीचे. पण खानदेशात वर्गात बसलेल्या किती मुलांची पहिली भाषा प्रमाण मराठी असते? धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यात घरोघरी अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिल्लांच्या बोली. शहरांतल्या उर्दू शाळा वेगळ्या, आणि रेल्वेने भुसावळला आणलेली हिंदी वेगळी. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांची पाहणी केली, तेव्हा मराठीला सातव्या खंडात जागा दिली, पण खानदेशी म्हणजे अहिराणी नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांबरोबर ठेवली. तो भाग १९०७ साली निघाला. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची ठाणी झाली, त्याला तेव्हा एकच वर्ष झाले होते. अहिराणी मराठीची बोली मानायची की गुजरातीकडे झुकलेली स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हापासून आजवर आनंदाने चालू आहे. आपल्या विषयापुरते एवढे पुरे की 'तुन्हं नाव काय शे?' आणि 'तू काय करी ऱ्हायना?' या प्रश्नांतही क्रम हलत नाही. पण अहिराणी बोलणारे मूल शाळेत आधी मराठी 'असं' आणि 'ते' शिकते आणि त्यातून इंग्रजीकडे जाते, हा दुहेरी प्रवास पुण्याच्या मुलाला करावा लागत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हापासून तर हे दोन्ही प्रवास एकाच वेळी सुरू होतात.

बाहेरच्या जगाने या चुकीकडे कसे पाहिले, हेही जाणून घेण्यासारखे आहे. पीटर ट्रडगिल आणि जीन हॅना यांनी १९८२ मध्ये जगभरच्या इंग्रजींवर पुस्तक लिहिले, तेव्हा भारतीय इंग्रजीची खूण म्हणून नेमकी हीच जोडी नोंदवली: सरळ प्रश्नात क्रम न उलटणे आणि अप्रत्यक्ष प्रश्नात उलटणे. काश्मीरमधून अमेरिकेत गेलेले राकेश भट्ट त्याही पुढे गेले. बोलीतल्या भारतीय इंग्रजीत हा नियम इंग्लंडच्या नियमाचे आरशातले प्रतिबिंब आहे, आणि त्याला स्वतःचे सुसंगत व्याकरण आहे, असे त्यांनी २००० सालच्या एका लेखात मांडले. आपल्याकडच्या बोलण्यात ही जोडी मला इतकी नीटनेटकी आढळत नाही. एकच विद्यार्थी सकाळी क्रम उलटतो आणि दुपारी उलटत नाही. तरी भट्टांनी 'चूक' हा शब्द बाजूला ठेवून 'व्याकरण' हा शब्द वापरला, याचे मोल मोठे आहे.

आपण यात एकटे नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. आयर्लंडमध्ये 'ही आस्क्ड मी वुड आय कम' असे बोलणे आजही अगदी घरगुती आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये विल्यम लेबॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांना वाक्ये ऐकवून ती जशीच्या तशी म्हणायला सांगितली. 'आय आस्क्ड आल्विन इफ ही नोज हाऊ टू प्ले बास्केटबॉल' हे वाक्य ऐकून काही मुलांनी ते क्षणाचाही विलंब न लावता आपल्या बोलीत उतरवले: 'आस्क्ड' नंतर 'इफ' गाळून 'डू ही नो'. अर्थ त्यांना पूर्ण कळला होता. ऐकलेले व्याकरण बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचे व्याकरण वापरले होते. हा प्रयोग फार साधा आहे, त्याला ना यंत्र लागते ना पैसा. धुळ्याच्या एखाद्या अध्यापक महाविद्यालयात तो उद्या सकाळी करता येईल.

नियमाच्या कडेला काही नाजूक जागा आहेत. 'मे आय नो हू इज स्पीकिंग?' हे वाक्य उलटलेले दिसते, पण बरोबर आहे, कारण 'हू' हाच कर्ता आहे. उलटायला दुसरे कोणी नाहीच. 'ही आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर' हेही चांगल्या इंग्रजी लेखकांत सापडते, कारण तिथे कर्ता 'व्हॉट' की 'द मॅटर', हे भाषेलाच नक्की ठरवता आलेले नाही. 'व्हेअर डू यू थिंक ही लिव्ज?' यात बाहेरचा भाग उलटतो आणि आतला नाही, म्हणून भलेभले 'व्हेअर डू यू थिंक डज ही लिव्ह' म्हणून बसतात. आणि कादंबरीकार पात्राच्या मनातले विचार सांगतात, तेव्हा काळ मागे जातो पण क्रम उलटाच राहतो. तिथे प्रश्न अर्धा जिवंत असतो. मराठीच्या 'असे'च्या जवळ इंग्रजी येते ती इथे.

या अभ्यासाला खानदेश ही आडबाजूची जागा आहे असे कोणी समजू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण लिहिले. त्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि १९२६ च्या अखेरीस तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात उभे आहे. यावल-रावेर भागातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी काही काळ धुळ्यात इंग्रजी शिकवली, आणि इंग्रजीचा मराठीवर काय परिणाम झाला याचा समाजभाषाशास्त्रीय अभ्यास १९९० मध्ये ग्रंथरूपाने दिला. त्यांची दिशा इंग्रजीकडून मराठीकडे होती. आपल्याला मराठीकडून इंग्रजीकडे जायचे आहे, पण हत्यारे बरीचशी तीच. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला आहे. आणि जळगावच्या ज्या विद्यापीठात इंग्रजीचे संशोधक तयार होतात, त्याला असोद्याच्या बहिणाबाईंचे, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका थोर भाषाप्रभूचे, नाव आहे. इंग्रजी आपली नाही म्हणून संकोच वाटत असेल, तर त्यावरही उतारा आहे. इंग्रजीची गेल्या शतकातली सर्वांत तपशीलवार व्याकरणे ज्यांनी लिहिली त्यांत डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन आणि नेदरलँड्सचे पाउत्स्मा व क्रुइसिंगा होते. तिघांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती, आणि मला वाटते म्हणूनच त्यांना ती नीट दिसली.

वाचकांनी सुरुवात कुठून करावी? सिद्धांतापासून नको. आधी मोरो केशव दामले यांचे १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' उघडून मराठी वाक्यरचना आणि गौण वाक्ये यांवरचा भाग सावकाश वाचा. ग्रंथ जाडजूड आहे, पण दामल्यांची उदाहरणे देण्याची हौस अशी दांडगी की कंटाळा येत नाही. त्यानंतर येस्पर्सन किंवा एखादे चालू इंग्रजी व्याकरण घेऊन अप्रत्यक्ष प्रश्नांचे प्रकरण पाहा. ट्रडगिल-हॅना, भट्ट आणि लेबॉव्ह हे तिसऱ्या टप्प्यावर. एमंड्स आणि डेन बेस्टेन अगदी शेवटी, आणि तेही आवड असेल तरच. तांत्रिक चिन्हांनी भरलेली पाने दिसली की मागे फिरू नका. त्यातली वाक्ये आधी वाचा, झाडासारख्या आकृत्या नंतर.

वाचनाबरोबर वाक्ये गोळा करणेही सुरू ठेवावे. बसस्थानकावर, न्यायालयाच्या आवारात, रावेरच्या केळीच्या व्यापाऱ्याच्या फोनवर, मुलांच्या उत्तरपत्रिकांत जी वाक्ये भेटतील ती जशीच्या तशी उतरवून घ्या; सुधारू नका. प्रत्येक वाक्याबरोबर चार गोष्टी टिपा: बोलणाऱ्याच्या घरची भाषा कोणती, मुख्य क्रियापद 'आस्क' होते की 'नो' किंवा 'टेल', पुढे 'इफ' होते की 'व्हेअर-व्हॉट', आणि सर्वनाम बदलले होते की नाही. बोलणाऱ्याचे नाव टिपू नका, त्याची गरज नाही. 'आस्क'च्या वाक्यांत सर्वनाम न बदलण्याचे प्रमाण जास्त निघाले, तर वर मांडलेल्या 'असे'च्या कल्पनेला बळ येईल. तसे निघाले नाही, तर ती टाकून द्यावी लागेल, आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही. अहिराणी घरातले मूल आणि लेवा घरातले मूल यांची वाक्ये वेगळ्या वह्यांत ठेवा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून 'नो'ची वाक्ये आधी मोजा, 'आस्क'ची नंतर.